ठाणेदाराची जागा

मिठागरावर हुकूम मुकादमाचा चालायचा, पण पहिला सलाम ठाणेदाराला मिळायचा. पत्र्याच्या गोदामाच्या भिंतीला पाठ लावून, घडी घातलेल्या गोणपाटावर तो सकाळी बसला की बसला. डोक्यावर टोपी, मांडीवर दोन्ही हात, आणि चेहऱ्यावर हे सगळं पांढरं रान आपल्याच मालकीचं असल्याचा भाव. टोपल्या घेऊन कामाला निघालेला प्रत्येक जण त्याच्यासमोरून जाताना विचारायचा, "काय ठाणेदार, काम नीट चाललंय ना?" आणि तो मान डोलावून तोंडभर हसायचा. वयाने तिशीला आलेला, अंगाने दांडगा, पण बोलायला चार-पाच शब्द यायचे. त्यातले 'आई' आणि 'पाणी' एवढेच परक्याला कळायचे. ठाण मांडून बसतो म्हणून ठाणेदार. खरं नाव आईला माहीत होतं, पण ती त्याला राजाच म्हणायची.

त्याची आई म्हणजे मिठागरावरची अक्का. भरतीचं पाणी लाकडी दारातून पाटात घ्यायचं, पाटातून वाफ्यात सोडायचं, आणि उन्हाने ते आटलं की लांब दांड्याच्या दंताळ्याने मीठ कडेला ओढून रास करायची. मग टोपल्या भरायच्या आणि डोक्यावरून गोदामापर्यंत वाहायच्या. इथे पायाला एकदा चीर पडली की मोसम संपेपर्यंत बुजत नाही, खारं पाणी तिला मिटूच देत नाही. अक्काच्या टाचा जळक्या लाकडासारख्या तडकल्या होत्या. नवऱ्याने फार पूर्वीच काढता पाय घेतला होता. असल्या पोराचा बाप म्हणवून घ्यायचं त्याच्याने झालं नाही, असं लोक म्हणायचे. अक्काचं म्हणणं वेगळं होतं. त्याला कष्टच नको होते, पोराचं आपलं निमित्त झालं.

ठाणेदार काही जन्मतःच असा बसायला शिकलेला नव्हता. लहानपणी तो एका जागी क्षणभर ठरत नसे. एकदा चमकतं पाणी बघून तो सरळ पाटात उतरला आणि पाटातून चालत दारापर्यंत गेला. तिथे भरतीचं पाणी धडधाकट माणसाला गुंडाळून नेतं. एका हमालाने केसांना धरून त्याला वर ओढला. दुसऱ्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला. बस म्हटलं की बसायचं, आई येईपर्यंत उठायचं नाही. चापट मारून, गोंजारून, साखरेची चिमूट जिभेवर ठेवून तिने ते त्याच्या डोक्यात भरवलं. त्यात तिच्या नाकी नऊ आले, पण अखेर तो बसला.

मग लोकांना खेळ सापडला. जेवणाच्या सुट्टीत कोणी म्हणायचं, "ऊठ," की हा उभा. "बस," की हा खाली. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची, आणि सगळे हसतात म्हणून तोही हसायचा, घामाने निथळत उठाबशा काढत. एका टवाळाने तर त्याला "चल, चल, अजून चल" करत थेट पाटाच्या दाराच्या फळीवर नेऊन उभा केला. अक्काने दंताळ्याचा दांडा त्या टवाळाच्या पाठीत घातला, आणि मुकादमाने सगळ्यांदेखत अक्कालाच झापलं. त्या दिवसानंतर तिने पोराला पुढचा धडा दिला. कोणीही, काहीही म्हणो, हलायचं नाही. आईचा हात डोक्यावर पडला आणि आई 'ऊठ राजा' म्हणाली, तरच उठायचं. हा धडा मात्र तो झटकन शिकला. लोकांनी हाका मारमारून पाहिलं, दोघांनी बगलेत हात घालून ओढून पाहिलं, पण पठ्ठ्या दगडासारखा बसून राहिला आणि खेळ मोडला. अक्काला त्याचा केवढा अभिमान. तिच्या लेखी आयुष्याची कमाई म्हणावी तर तेवढीच.

रोजची तऱ्हा ठरलेली होती. सकाळी गोदामाच्या मागच्या अंगाला सावली असते, तिथे गोणपाट. दुपारी ऊन फिरून तिथे आलं की अक्का वाफ्यातून वर यायची, मिठाने पांढरा झालेला हात त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, "ऊठ राजा." त्याला आडोशाला नेऊन आणायचं, पाणी पाजायचं, गोणपाट उचलून पुढच्या अंगाच्या सावलीत टाकायचं आणि पुन्हा बसवायचं. पाणीसुद्धा तो तिच्याच हातचं प्यायचा. अशी वर्षं गेली आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

त्या वर्षी मोसम संपत आला असताना अक्काचं अंगावरून जाणं वाढलं. तसं ते वर्षभर चालूच होतं. कंबरेला फडका घट्ट आवळायचा आणि वाफ्यात उतरायचं. वय झालं की व्हायचंच, असं ती स्वतःला सांगायची. एका सकाळी मीठ ओढता ओढता ती गुडघ्यावर बसली आणि तिला उठता येईना. वाफ्यातलं पाणी तिच्याभोवती गुलाबी होत गेलं. बाया धावल्या. दवाखान्यातली नर्सबाई आली, तिने तिथेच पोट चाचपलं आणि सांगितलं की आत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, आजच्या आज शहरातल्या इस्पितळात भरती व्हायला हवं. इतकं रक्त गेल्यावर थांबणं म्हणजे जीव घालवणं.

अक्काने गोदामाकडे बघितलं. "आणि ह्याचं काय करू?"

तिथून सगळं अडलं. शेजारणीने कानावर हात ठेवले. तिचंही बरोबर होतं, तिच्या घरात तान्हं मूल होतं आणि ठाणेदाराची तिला पहिल्यापासून धास्ती. अक्काची धाकटी लेक लग्न होऊन दोन गावं पलीकडे होती. ती फोनवर रडली, इस्पितळात तुझ्यापाशी येऊन राहते म्हणाली, पण दादाला इथे आणू का, हे सासूला विचारायचीही तिची छाती झाली नाही. मुकादमाने आपल्या परीने तोडगा काढला. गोदामात ठेवू, बसलेलाच तर असतो, बाहेरून कडी घालू, दोन वेळा कोणीतरी जेवण टाकेल. तो हे चांगल्या मनाने बोलत होता, आणि म्हणूनच अक्काला भडभडून आलं. शेवटी नर्सबाईने कुठेतरी फोन लावला. शहराच्या कडेला एक संस्था होती. घरात आजारपण निघालं, कोणी वारलं, तर अशा माणसांना थोडे दिवस ठेवून घ्यायची. एक खाट रिकामी आहे, पण माणूस बघून ठरवू, असं तिकडून उत्तर आलं.

मिठाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून मायलेक निघाले. ठाणेदाराला ट्रक फार आवडला. प्रत्येक खड्ड्याला तो हसत होता आणि प्रत्येक खड्ड्याला अक्का दातांखाली ओठ धरत होती. इस्पितळ वाटेत लागलं. ड्रायव्हर म्हणाला, आधी तुला सोडतो. ती म्हणाली, आधी ह्याला.

संस्थेच्या दारातली खोली स्वच्छ होती. भिंतीला फिक्या रंगाचे सोफे. अक्का उभीच राहिली. डाग पडला तर पहिल्या पावलालाच पोराची जागा जाईल, ही तिला भीती. मुलाला मात्र तिने बसवलं. त्यांच्या आधी एक म्हातारासा सुतार आपल्या मुलीला घेऊन आलेला होता, हाताच्या रेषांत अजून भुसा. बायको जळून इस्पितळात पडली होती. टेबलामागच्या मॅडमने त्याला विचारलं की मुलीचा काही त्रास आहे का. भला माणूस होता, खरं सांगून बसला. घाबरली की चावते हो, पण आईने भरवावा तसा घास भरवला की शांत होते. मॅडमने चष्मा काढला. तिने आवाज चढवला नाही, उलट फार गोड समजावलं की आमच्याकडे माणसं कमी आहेत, चावणाऱ्याला वेगळी बाई लागते, तुम्ही दुसरीकडे बघा. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्याने विचारलं नाही. मुलीचा हात धरून तो बाहेर पडला. अक्काने हे सगळं बघितलं.

मग तिची पाळी आली. फिट येते का? नाही. मारतो का, पळतो का? नाही. हाताने जेवतो? ताट पुढ्यात ठेवलं की जेवतो. अंथरूण ओलं करतो का? वेळेवर नेलं तर नाही. मॅडमचा चेहरा हळूहळू सैलावत होता आणि अक्काच्या जिवात जीव येत होता.

"बसवाल तिथे बसतो बाई," ती म्हणाली. "जराही त्रास नाही. फक्त माझा हात डोक्यावर पडल्याशिवाय उठत..."

मॅडमचं पेन थांबलं. "उठत नाही? म्हणजे उचलावं लागतं का? तसं असेल तर आधी सांगा. आमच्याकडे उचलायला माणूस नाही."

अक्काच्या डोळ्यांपुढे सुताराची पाठ आली. पायांवरून काहीतरी गरम खाली ओघळत होतं.

"छे छे, उठतो की," ती म्हणाली. "सांगितलं की उठतो."

त्याला आत नेताना तिने स्वतःच हात डोक्यावर ठेवून उठवलं, व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर नेऊन बसवलं आणि नेहमीसारखं सांगितलं, "बस. मी येईपर्यंत." तो मान डोलावून हसला. तिथे राबणारी एक जाडसर मावशी होती, तोंडाने फटकळ पण डोळ्यांनी बरी वाटणारी. तिला बाजूला घेऊन सांगावं, असं अक्काच्या मनात आलं. पण मावशीने मॅडमला सांगितलं तर? आणि डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं व्हायला लागलं होतं. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता. राहून गेलं.

ऑपरेशन झालं. पोटाला टाके, हाताला सलाईन, शेजारी लेक. शुद्धीवर आल्यापासून अक्काचं एकच टुमणं, दादाला बघून ये. लेक एकदा जाऊन आली. मजेत आहे म्हणाली. छान खुर्चीत बसलाय, कपडे स्वच्छ, मॅडम फार कौतुक करत होत्या, असा शांत माणूस आजवर आमच्याकडे आला नाही म्हणाल्या. मला बघून हसला. अक्काने विचारलं, उठून जवळ आला का? लेक म्हणाली, नाही, बसूनच हसला. बिचारीने त्याला कायम बसलेलाच पाहिलेला, तिला त्यात काय वावगं वाटणार. अक्काने मात्र त्यानंतर, मला घरी सोडा म्हणून डॉक्टरच्या मागे घोशा लावला, आणि टाके निघायच्या आधीच, स्वतःच्या जबाबदारीवर, ती लेकीच्या खांद्यावर हात टाकून संस्थेच्या दारात उभी राहिली.

तो तिथेच होता. त्याच व्हरांड्यात, त्याच खुर्चीत. आईला बघून त्याच्या तोंडून हुंकारासारखा आवाज निघाला, पण मांडीवरचे हात मांडीवरच राहिले. पाय सुजून चपलांच्या पट्ट्यांवरून बाहेर आले होते. जवळ गेल्यावर वास आला. अक्काने हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"ऊठ राजा."

तो उठला. म्हणजे उठायला गेला. पँट मागून खुर्चीला चिकटली होती, ती सुटताना त्याने असा आवाज काढला की लेकीने डोळे मिटून घेतले. अर्धा उभा राहून तो आईच्या अंगावर कोसळला, आणि ताज्या टाक्यांवर त्याचं सगळं ओझं घेऊन अक्का भिंतीला टेकली. मागे कापड ओलं होतं, लाल आणि पिवळं.

मॅडम धावत आली, मावशी आली. मॅडमचा चेहरा पडला. तिने मावशीकडे बघितलं, आणि मावशीने नजर न चुकवता अक्काकडे.

"पहिल्या दिवशी म्हटलं, ऊठ रे बाबा," मावशी म्हणाली. "गोड बोलले, ओरडले, हाताला धरून ओढलं. हलायचं नाव नाही. रात्री गेटवरच्या माणसाला आणि स्वयंपाक्याला हाताशी धरून खाटेवर टाकायचा, सकाळी परत खुर्चीत. दिवसा लंगोट, पाणी चमच्याने तोंडात ओतायचं. माझ्याकडे किती जण आहेत ते मोजून बघा. आणि हा रडत नाही, मागत नाही, मला वाटलं ह्याला इथेच बरं वाटतंय." ती थांबली. "तुम्हीच म्हणालात ना, सांगितलं की उठतो?"

लेक भांडायला पुढे झाली. अक्काने तिचं मनगट धरलं. मावशी खोटं बोलत नव्हती. खोटं बोललं होतं ते तिनेच, आणि त्या एका खोट्यावर पोराने अंगाचं कातडं झिजवलं होतं. तिला वाटलं होतं आपण त्याला बसायला शिकवलं. खरं तर आपण त्याला स्वतःचं दुखणंसुद्धा उठून सांगता येऊ नये, इतकं शिकवून ठेवलं. हा विचार तिच्या मनात आला आणि मग कधी गेलाच नाही.

मॅडमने पुढे दोन-तीनदा माफी मागितली, मलम दिलं आणि गाडीची सोयही करून दिली. निघताना मात्र एक वाक्य बोलून गेली, की घरच्यांनी आधी खरं सांगितलं तर बरं पडतं. अक्काला सुतार आठवला. तिने मान हलवली आणि गाडीत चढली.

घरी आल्यावर दोघं आजारी, एक पाठीवर झोपणारी आणि एक पोटावर. लेक थोडे दिवस राहून सासरी गेली, तिला जावंच लागलं. नर्सबाई जखम धुवायला यायची. ती म्हणाली, अक्का, आता तासन् तास बसवून ठेवायचं नाही. आणि त्याला आपला आपण उठायला शिकव. तू जन्माला पुरणार आहेस का?

हे अक्कालाही कळत होतं. जखमा खपली धरू लागल्या तशी ती रोज संध्याकाळी शिकवायला बसायची. त्याला बाजेवर बसवायची, स्वतः समोर उभी राहायची आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायची. म्हणायची, "ऊठ. तुझा तू ऊठ." तो तिच्या खांद्याकडे बघायचा, हात कुठे गेला ते शोधायचा. ती पाण्याचा तांब्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायची. तो कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत तांब्याकडे बघायचा, मग तिच्याकडे. कधी ती दाराआड लपायची. फटीतून बघितलं तर हा तसाच, जिथे ती दिसेनाशी झाली तिथे डोळे लावून. एवढ्या वर्षांचं शिकवणं चार आठवड्यांत कुठलं उसवतंय. शेवटी तीच हरायची, हात त्याच्या डोक्यावर ठेवायची, आणि तो लगेच, आनंदाने उठायचा. एकदा तिने संतापून त्याला गदागदा हलवलं आणि मग त्याच्याच गुडघ्यावर डोकं टेकून रडली. त्याने तिच्या केसांत अडकलेलं काहीतरी काढून टाकलं. बसल्या जागेवरूनच.

आकाश बदलायला लागलं होतं. मोसमाचे शेवटचे दिवस, उघड्यावर राशी पडलेल्या, आणि पावसाचा एक शिपका म्हणजे सगळ्यांच्या कष्टाचं परत पाणी. मुकादम घरी आला. ओझं उचलू नको म्हणाला, नुसतं दंताळं धर, पण ये, माणसं कमी पडतायत. येत नसलीस तर पुढच्या मोसमाला तुझ्या वाफ्यावर दुसरी बाई उभी राहील, हे त्याने अगदी जाता जाता सांगितलं. अक्काने गोणपाटाच्या घडीत जुनी उशी शिवून घातली आणि दुसऱ्या दिवशी मायलेक मिठागरावर हजर झाले.

लोकांनी मनापासून स्वागत केलं. "काय ठाणेदार, रजा संपली?" तो हसला. अक्काने त्याला मागच्या अंगाच्या सावलीत बसवलं. कामाच्या मधे मधे ती धावत वर यायची, त्याला उठवायची, दोन फेऱ्या मारायला लावायची, परत बसवायची. मुकादम बघून न बघितल्यासारखं करत होता. असे काही दिवस बरे गेले.

मग तो दिवस आला. दुपारच्या सुट्टीआधीच खाडीपलीकडून काळं आभाळ वर सरकू लागलं. वारा पडला. मुकादम बांधावरून ओरडत सुटला, राशी उचला, टोपल्या घ्या, जेवणबिवण नंतर. सगळी माणसं जिवाच्या आकांताने पळत होती, आणि त्या गडबडीत हलकं काम, जड काम असं काही उरलं नाही. अक्काच्या डोक्यावरही टोपली चढली. पोटातून कळ निघत होती. इकडे गोदामापुरतं अजून रणरणतं ऊन होतं, आणि ते कधीच मागच्या अंगाला आलेलं असणार, हे तिला कळत होतं. प्रत्येक खेपेला ती पुढच्या दाराशी टोपली रिकामी करायची, मागे जाऊन येते म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मुकादम तिला परत वाफ्याकडे पिटाळायचा. राजा उन्हात भाजत असेल, पण हलणार नाही, एवढी एक गोष्ट तरी पक्की आहे, असं म्हणत ती धावत होती.

शेवटी तिने टोपली फेकली आणि गोदामाला वळसा घातला.

जागा रिकामी होती. गोणपाटही नव्हतं.

तिने हाक मारली नाही. हाक मारायला श्वासच उरला नव्हता. ती पाटाकडे धावली, बांधावरून घसरली, उठली. लाकडी दाराशी भरतीचं पाणी गरगरत होतं आणि त्यात गोणपाटासारखं काहीतरी काळपट फिरत होतं. अक्का कमरेपर्यंत पाण्यात उतरली. खारं पाणी टाक्यांच्या व्रणांना लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात घालून तिने ते काळं वर ओढलं. शेवाळाचा गुंता होता. तो टाकून ती आणखी पुढे सरकली. मागून दोघं हमाल आले, त्यांनी तिला धरलं, ती त्यांना ओरबाडत होती. सगळं काम थांबलं. माणसं पाण्यात बघत होती, कोणी टोपी दिसते का बघत होतं.

"अगं इकडे आहे तो," वरून एक बाई म्हणाली. "पलीकडच्या कोपऱ्यावर. सावलीत."

गोदामाच्या पुढच्या अंगाला, दारापासून लांब, ताडपत्र्यांच्या ढिगाआड तो बसला होता. त्याची दुपारची जागा. खाली गोणपाट, वेडंवाकडं पसरलेलं, उशी बाहेर आलेली, पण पसरलेलं. आईला येताना बघून त्याचा चेहरा असा फुलला की तसा तो पूर्वी कधी फुललेला कोणी पाहिला नव्हता.

अक्का निथळत त्याच्यासमोर उभी राहिली. आणि मग तिचा हात उचलला गेला आणि त्याच्या थोबाडीत बसला. एक, आणि लगेच दुसरी. टोपी उडून पडली.

"कोणी सांगितलं तुला उठायला? कोणी उठवलं?"

ठाणेदार गालावर हात न लावता तिच्याकडे बघत राहिला. तिचा प्रश्न त्याला कळला होता. त्याने उजवा हात मांडीवरून उचलला, सावकाश वर नेला, आणि आपल्याच डोक्यावर पालथा ठेवला.

"ऊठ आजा," तो म्हणाला. 'र' त्याला कधी आला नव्हता.

अक्काला सगळं दिसलं. ऊन अंगावर आलेलं, आईची वाट बघणारा तो, आई नाही, आईचा हात नाही. आणि मग त्याने स्वतःच शोधलेला हात. उठून, गोणपाट काखेत मारून, आडोशाने भिंतीच्या कडेकडेने, पाण्याकडे ढुंकून न बघता, बरोबर सावलीत. रोज संध्याकाळी जे शिकवता शिकवता ती रडकुंडीला आली होती, ते तो एकटा शिकला होता. आणि तिने त्याला मारलं.

तिने काही बोलायच्या आत तो उठला. या वेळी डोक्यावर हात न ठेवताच, घाईघाईने, चूक झाली की पोरं उठतात तसा. गोणपाट गोळा केलं, उशी त्यात कोंबली, आणि माणसांच्या मधून वाट काढत मागच्या अंगाला गेला. तिथे भिंतीचा पत्रा हात लावू देत नव्हता. भर उन्हात गोणपाट टाकून तो आपल्या सकाळच्या जागेवर बसला.

आभाळ तोपर्यंत खाडीवरून दुसरीकडे वळलं होतं. एक थेंब पडला नाही. मुकादम म्हणाला, गेलं वाटतं, चला, अर्धवट राहिलेले वाफे ओढून घ्या. माणसं पांगली.

अक्का त्याच्याजवळ गेली. तिने हात पुढे केला तसं त्याने मान खांद्यात घातली आणि डोळे मिटले. हात डोक्यावर टेकल्यावरच त्याने ते उघडले. "ऊठ राजा," ती म्हणाली. तो उठला. तिने त्याला सावलीत नेलं, पाणी पाजलं, गालावरून हात फिरवला, चुकलं रे माझं म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली. त्याला ते शब्द ठाऊक नव्हते. मग तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्याच्याच डोक्याकडे न्यायला लागली. "असं. असंच केलंस ना? बरोबर केलंस. परत कर."

त्याने हात सोडवून घेतला. दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले, त्यांच्यावर घट्ट बसला आणि आपण किती शहाण्यासारखे बसलोय ते बघ, अशा नजरेने तिच्याकडे बघू लागला. खाली बांधावरून कोणीतरी हाक दिली, अक्का, वाफा राहिलाय. तिने दंताळं उचललं. मोसमाचे उरलेले सगळे दिवस ठाणेदार तसाच बसत होता, हात मांड्यांखाली घालून.